डोकं मोठं असलेली मुलं आणि एका जनुकाचा शोध

"बाळाचं डोकं मोठं आहे, पण आमच्या घराण्यातच तसं आहे," असं आजी सांगते. बहुतेक वेळा ते खरंच असतं. क्वचित मात्र कारण वेगळं असतं. त्यातल्या एका कारणाचा माग आपल्या नाशिकपासून जवळच, मुंबईत लागला.

आधी थोडं मेंदूबद्दल. मेंदूतली केंद्रं एकमेकांशी जोडलेली असतात. या जोडणीचे तंतू मेंदूच्या पांढऱ्या भागातून जातात आणि वायरवर असतं तसं त्यांच्यावर मायलिनचं आवरण असतं.

१९९१ मध्ये मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांच्या आजाराचं वर्णन केलं. या मुलांचं डोकं पहिल्या वर्षातच मोठं झालं होतं. पुढे त्यांचा तोल जाऊ लागला, पाय कडक झाले, काहींना झटके आले. एमआरआयमध्ये जवळजवळ सगळा पांढरा भाग सुजलेला दिसत होता. तरीही मुलांची समज त्या मानाने बरीच चांगली होती! यातली अनेक मुलं अगरवाल कुटुंबांतली होती.

१९९५ मध्ये नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हान डर नाप यांनी अशाच आठ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. आज या आजाराला थोडक्यात 'एमएलसी' म्हणतात. २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं, एमएलसी१. या जनुकापासून बनणारं प्रथिन मेंदूतल्या क्षार-पाण्याचा तोल राखायला मदत करतं. ते बिघडलं की मायलिनच्या थरांत पाणी साठतं. २००४ मध्ये स्पष्ट झालं की अगरवाल रुग्णांत बहुतेक वेळा या जनुकातला एकच ठरावीक बदल असतो. म्हणजे तो बहुधा एकाच जुन्या पूर्वजाकडून आला आणि समाजातच लग्नं होत राहिल्याने टिकला.

यात कुणा समाजाला दोष नाही. हा आजार इतर समाजांत आणि देशांतही आढळतो. आईच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणाचा तर काहीच संबंध नाही. बहुतेक कुटुंबांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. ते दोघं स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

सर्वसाधारण माणसांच्या मेंदूच्या जोडणीवर मात्र असंख्य जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. त्यामुळे एका जनुकावरून कुणाची हुशारी ठरत नाही.

तुम्ही काय कराल? लसीकरणाला जाल तेव्हा बाळाच्या डोक्याचा घेर मोजून लिहून घ्या. तो झपाट्याने वाढत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एमएलसी असलेल्या मुलाचं डोकं मारापासून जपा, कारण साध्या मारानेही तब्येत बिघडू शकते. घरात असा रुग्ण असेल तर पुढच्या गरोदरपणाआधीच जनुकीय सल्ला घ्या. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही, पण झटक्यांवर औषधं आहेत, फिजिओथेरपीचा उपयोग होतो आणि वेळेवर मिळालेली माहिती पुढचा निर्णय सोपा करते.