आयुष्यकथा पुरावा कशी झाली

शिकागोच्या एका गल्लीतून विल्यम थॉमस हे प्राध्यापक चालले होते. वरच्या खिडकीतून कचरा पडला, त्यात एका पोलिश मुलीचे घरच्या कुरबुरींविषयीचे पत्र निघाले आणि ते वाचता वाचता त्यांना संशोधनाची नवी वाट सापडली, अशी आख्यायिका समाजशास्त्रात फार वर्षे सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामुळे आयुष्यकथा आणि पत्रे यांना पुरावा मानणाऱ्या पद्धतीचे खरे मूळ झाकले जाते. हेलन कल्व्हर या धनिक बाईंनी स्थलांतरितांच्या अभ्यासासाठी 1908 च्या सुमारास थॉमसना पन्नास हजार डॉलर दिले होते. त्यामुळे त्यांना वर्षानुवर्षे युरोपात फिरून साहित्य गोळा करता आले. 1913 साली वॉर्सात त्यांची गाठ फ्लोरियन झ्नानिएत्स्की या तरुण तत्त्वज्ञाशी पडली. झ्नानिएत्स्की देशांतर करणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेचे काम पाहत होते. कोण कुठल्या गावचा, का निघाला, मागे कोण राहिले, हे त्यांच्या रोजच्या कामातलेच प्रश्न होते. पुढच्याच वर्षी, महायुद्ध पेटल्यावर, ते शिकागोला आले.

पण पैसा आणि प्राध्यापक यांच्याही आधी तिथे पत्रे होती. पोलंडमधल्या ज्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणाला लेखणी धरायची वेळ आली नव्हती, तिथे मुलगा अमेरिकेला गेला आणि पत्र ही घराची गरज झाली. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घेतले जाई. सुरुवातीला देवाचे नाव, मग प्रकृतीची खुशाली, मग एकेका नातेवाइकाला नमस्कार, अशी या पत्रांची ठरलेली बांधणी होती. त्या चौकटीतच जमिनीची वाटणी, हुंडा, न आलेले पैसे आणि लग्नावरून धरलेला अबोला येई. थॉमस आणि झ्नानिएत्स्की यांनी पोलिश वृत्तपत्रात जाहिरात देऊन अशी पत्रे विकत घेतली. 1918 ते 1920 या काळात पाच खंडांत निघालेल्या त्यांच्या ‘द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका’ या ग्रंथाचा पाया म्हणजे ही कौटुंबिक पत्रे. तिसऱ्या खंडात व्वादेक विश्निएव्स्की या बेकरी कामगाराचे तीनशेहून अधिक पानांचे आत्मकथन आहे. संशोधकांनी ते मोबदला देऊन लिहवून घेतले होते. पत्रे मात्र आधीपासूनची होती, म्हणजे पद्धतीच्या जन्माआधीच लोक आपले जगणे शब्दांत मांडत होते. संशोधकांचे मोठेपण इतकेच, आणि ते थोडे नाही, की त्यांनी त्या मांडणीला पुरावा मानले. माणूस एखाद्या परिस्थितीचा जो अर्थ लावतो त्यावरून तो पुढे वागतो, म्हणून तो अर्थ कळल्याशिवाय समाजाचे वागणे कळणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

या भूमिकेत एक फट मात्र पहिल्यापासून राहिली. व्वादेकने लिहिले, पण कापले काय आणि ठेवले काय, हे संशोधकांनी ठरवले, आणि त्याच्या आयुष्याचा अर्थही त्यांनीच लावला. स्वभावाच्या ज्या ठरावीक नमुन्यांत त्यांनी त्याला बसवले त्यावर त्याचे म्हणणे काय, हे ग्रंथात कुठेही नाही. लोकांच्या अर्थाला महत्त्व देणाऱ्या पद्धतीने शेवटचा शब्द मात्र स्वतःकडे ठेवला. माझ्या मते या पद्धतीचा पुढचा सगळा इतिहास ही फट बुजवण्याचा आहे, आणि ती जिथे बुजली तिथेच पद्धत खरी बळकट झाली.

अमेरिकेत मात्र वाद वेगळ्याच बाजूने पेटला. 1930 साली समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांनी दारूबंदीविषयीची विद्यार्थ्यांची मते दोन मार्गांनी मोजून पाहिली: विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आत्मकथनांवरून आणि साध्या प्रश्नावलीवरून. दोन्हींचे निकाल जवळजवळ जुळले. मग इतका खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त होता. 1939 साली समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी त्याहून खोलवर बोट ठेवले: पत्रे आणि आत्मकथन यांवरून थॉमस-झ्नानिएत्स्कींच्या ग्रंथातले सिद्धान्त खरे की खोटे हे ठरतच नाही. मला ब्लूमर यांचा आक्षेप मान्य आहे, आणि स्टाउफर यांचा प्रयोगही निर्दोष वाटतो. पण स्टाउफर यांनी आयुष्यकथेकडून मागितले ते एका मतामागचा एक आकडा. किती लोक दारूबंदीच्या बाजूने आहेत, हे प्रश्नावलीनेच विचारावे. एखादा माणूस त्या मतापर्यंत कोणत्या वळणांनी आला आणि मत बदलले तर कशापायी, हे मात्र प्रश्नावलीच्या रकान्यात मावत नाही. एका व्वादेकवरून सगळे पोलिश कामगार कळत नाहीत, हे खरेच. पण गाव, चर्च, धंद्यातली उमेदवारी, बेकारी आणि लग्न यांचे दाब एकाच आयुष्यात एकमेकांवर कसे पडतात, हे हजार तुटक उत्तरांतून दिसत नाही.

फट बुजवण्याचे पहिले मोठे काम पोलंडमध्ये झाले. 1920 साली झ्नानिएत्स्की मायदेशी परतले आणि 1921 साली पोझ्नानमधून कामगारांसाठी आत्मकथनांची स्पर्धा जाहीर झाली. तिला लिहून पाठवणाऱ्या याकुब वोय्चेहोव्स्की या कामगाराचे आत्मकथन 1930 साली त्याच्या स्वतःच्या नावाने पुस्तकरूपात आले. झ्नानिएत्स्कींचे शिष्य युझेफ हवाशिन्स्की यांनी पुढे ग्रामीण तरुणांना असेच आवाहन केले, तेव्हा दीड हजारांहून जास्त आत्मकथने आली आणि त्यांवर आधारलेला चार खंडांचा ग्रंथ 1938 साली निघाला. एकच माणूस कशाचा नमुना, या आक्षेपाचे हे एक उत्तर झाले. स्पर्धेत लिहिणारे मुळातच बोलके, थोडे शिकलेले असणार, ही अडचण तरीही उरते. तिच्यावर उपाय म्हणजे कोण लिहीत नाही त्याचा शोध घेत राहणे.

सर्वांत जुना आक्षेप स्मृतीचा: माणसे विसरतात, चुकीचे सांगतात. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना याचा ठसठशीत दाखला मिळाला. लुईजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार 17 मार्च 1949 रोजी नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या हातून मारला गेला. पण अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू 1953 सालात नेऊन ठेवला, दोन हजारांहून जास्त कामगारांना कामावरून कमी केल्यावर झालेल्या रस्त्यावरच्या संघर्षात. तारखेसाठी कागदपत्रेच पाहावीत, आणि पोर्तेल्लींनी ती पाहिलीही. पण इतक्या जणांची चूक एकाच दिशेने का झाली? साथीदार मेला आणि आपण काही करू शकलो नाही, ही बोच त्यांना सोसवत नव्हती. 1953 च्या लढाईत त्या मरणाला साजेशी जागा मिळत होती. कागदपत्रांशी ताडून पाहिली म्हणूनच चूक दिसली, आणि कथन ऐकून घेतले म्हणून तिचा अर्थ लागला. दोन्हींतले एक काढले तर हे ज्ञान हाती येत नाही.

मराठीत कागद आणि कथन एकत्र आणण्याचे हे काम उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात केले. आंबेडकरी चळवळीच्या लिखित इतिहासात स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. या दोघींनी जुनी नियतकालिके आणि परिषदांचे वृत्तान्त धुंडाळले आणि त्याच वेळी त्या काळातल्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. कागदांनी सभा, ठराव आणि वर्षे दिली. मुलाखतींनी त्या स्त्रियांनी घर, मजुरी आणि चळवळ एकाच वेळी कशी ओढली ते दिले. इथे विचारणाऱ्या आणि सांगणाऱ्या एकाच चळवळीच्या होत्या, आणि सांगणाऱ्या स्त्रिया पुस्तकात आपापल्या नावांनी उभ्या आहेत. आपल्याच माणसांशी बोलताना संशोधकाची नजर मवाळ होते, असे यावर म्हणता येईल. तसे होऊ शकते. पण बाहेरच्या तटस्थ नजरेला या स्त्रिया तोवर दिसल्याच नव्हत्या, आणि त्यांतल्या कित्येक जणी तेव्हा वृद्ध झाल्या होत्या. आणखी दहा वर्षे थांबले असते तर विचारायला कोण उरले असते?