फेऱ्याचें प्रतल : गोल्फच्या इतिहासांतील एक वाद

विहिरीवरील रहाटाचें चाक उभें फिरतें आणि जात्याची तळी आडवी फिरते. गोल्फ खेळणाराची काठी या दोहोंच्या दरम्यान, तिरकी फिरते. चेंडू जमिनीवर, पायांपासून कांहीं अंतरावर असतो आणि काठी धरणारे हात तर खांद्यांना जोडलेले. त्यामुळें काठीच्या टोकानें काढलेलें वर्तुळ तिरप्या प्रतलांतच पडतें. हें प्रतल रहाटाकडे झुकणारें असावें कीं जात्याकडे, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु त्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. एखाद्या थोर खेळाडूची संवय सर्वांनीं नियम म्हणून स्वीकारावी, कीं प्रत्येकानें आपल्या देहधर्माला अनुसरून आपली वाट शोधावी, हा त्या वादाच्या मुळाशीं असलेला प्रश्न होय.

स्कॉटलंडांत हा खेळ फार जुना. तिरंदाजीच्या सरावांत व्यत्यय येतो म्हणून तेथील पार्लमेंटनें १४५७ सालीं त्यास बंदी केली होती! समुद्रकांठच्या वाळवट मैदानांवर तो खेळला जाई आणि तेथें वाऱ्याला खळ नसे. काठ्यांचे लांकडी दांडे लांब व लवचिक. चेंडू चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून केलेला. असल्या साधनांनीं चेंडू सखल मारून वाऱ्याखालून नेणें हेंच शहाणपणाचें. म्हणून सेंट अँड्र्यूज येथील जुने खेळाडू काठी कमरेभोंवतीं, जात्याच्या खुंट्यासारखी आडवी फिरवीत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा कठीण चेंडू आला, तरी ही रीत पुष्कळ काळ टिकून राहिली.

तिला धक्का दिला तो हॅरी व्हार्डन यानें. जर्सी बेटावर १८७० सालीं जन्मलेला हा माळ्याचा मुलगा काठी उभी उचली. त्याचा चेंडू उंच जाई आणि खालीं आल्यावर फारसा न धांवतां थांबे. १८९६ ते १९१४ या काळांत ब्रिटनची खुली स्पर्धा त्यानें सहा वेळां जिंकली. तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं. यशाला अनुयायी लाभतातच. कालपर्यंत जो अपवाद होता, तोच आतां आदर्श ठरला. गंमत अशी कीं, फेऱ्याच्या माथ्यावर व्हार्डनचा डावा हात कोपरांत वांकत असे. पुढील पिढीच्या शिक्षकांनीं मात्र तो हात ताठ ठेवण्याचाच आग्रह धरला. पुढें १९२९ सालीं सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेनें पोलादी दांड्यांस मान्यता दिली. लांकडी दांडा फटक्याच्या वेळीं पिळवटे, पोलादी दांडा तितका पिळवटत नाहीं. त्यामुळें साधनाबरोबर फेऱ्याचें तंत्रहि बदलणें प्राप्तच होतें.

परंतु प्रतल या कल्पनेला घरोघर पोंचविलें तें अमेरिकेच्या बेन होगननें. १९१२ सालीं टेक्ससमध्यें जन्मलेला हा मुलगा लहानपणींच पितृसुखास मुकला आणि दुसऱ्यांच्या काठ्या वाहतां वाहतां खेळ शिकला. त्याच्या फटक्यांत एक दुर्धर दोष होता : चेंडू एकाएकीं डावीकडे वळे. त्यावर मात करण्यासाठीं त्यानें कित्येक वर्षें अखंड सराव केला. फेब्रुवारी १९४९ मध्यें त्याच्या मोटारीची एका बसशीं टक्कर झाली. पत्नीला वांचविण्यासाठीं तो तिच्या अंगावर आडवा झाला आणि स्वतः भयंकर जखमी झाला. असें असूनहि १९५० सालीं त्यानें अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

१९५७ सालीं त्याचें पांच पाठांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत एक चित्र आहे. चेंडूपासून निघून खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेली एक मोठी तिरपी कांच, आणि तिच्यांतील भोंकांतून वर आलेलें त्याचें डोकें! काठी मागें नेतांना हात या कांचेच्या खालींच राहावेत, ती फुटतां कामा नये, असा पाठ. हें चित्र इतकें ठसलें कीं, अनेकांनीं होगनच्या कांचेचा उतार हाच सर्वांचा उतार मानला. वस्तुतः खांद्यांची उंची आणि चेंडूपासूनचें अंतर यांवर प्रत्येकाचा उतार ठरतो, असें त्यानें स्पष्ट सांगितलें होतें. काठी खालीं येतांना प्रतल किंचित् आडवें होतें, हेंहि त्यानें दाखविलें होतें. शिवाय त्याची सारी योजना डावीकडे वळणाऱ्या चेंडूवरील औषध होती. सामान्य शिकाऊ उजव्या खेळाडूचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो. दुसऱ्याच्या रोगावरचें औषध घेतल्यावर गुण कसा यावा?

१९६८ सालीं कॉक्रन व स्टॉब्स यांनीं ब्रिटनमधील शास्त्रीय संशोधन ग्रंथरूपानें मांडलें. काठीचा व चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या क्षणीं काठीचें तोंड कोठें आहे, ती कोणत्या दिशेनें आणि किती वेगानें जात आहे, एवढेंच चेंडूला समजतें. त्याआधीं ती कोणत्या वाटेनें आली, याची चौकशी तो करीत नाहीं.

याची साक्ष देणारे खेळाडू थोडे नाहींत. अठरा प्रमुख स्पर्धा जिंकणारा जॅक निक्लस काठी फार उभी उचली. कॅनडाचा मो नॉर्मन हात ताठ करून, हात व काठी एका रेषेंत धरून उभा राही; लोक त्याला विक्षिप्त म्हणत, पण १९५५ व १९५६ या दोन्ही वर्षीं कॅनडाची हौशी स्पर्धा त्यानेंच जिंकली, आणि त्याच्या अचूकपणाची ख्याति अद्याप टिकून आहे.

२००५ सालीं जिम हार्डी या शिक्षकानें या विविधतेची दोन कुळें पाडलीं. कमरेंत अधिक वांकून उभा राहणारा खेळाडू हात व खांदे जवळजवळ एकाच प्रतलांत फिरवितो. अधिक ताठ उभा राहणाराचे खांदे आडवे फिरतात आणि हात त्यांहून उभे जातात. दोन्ही रीति शुद्ध आहेत. घात होतो तो एकीचा अर्धा भाग दुसरीला जोडल्यानें. म्हणून शिकणारानें प्रथम आपलें उभें राहणें पाहावें आणि मग हातांची वाट ठरवावी. काठी बदलली कीं प्रतलहि थोडें बदलतें, हेंहि ध्यानांत ठेवावें : लांब काठीला चेंडू दूर, म्हणून फेरा आडवा, आंखूड काठीला चेंडू जवळ, म्हणून फेरा उभा.

या इतिहासाचा अर्थ जिम फ्युरिक या अमेरिकन खेळाडूच्या उदाहरणांत एकवटला आहे. त्याची काठी उभी वर जाते, माथ्यावर एक विलक्षण गिरकी घेते आणि आडवी होऊन खालीं येते. कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत तिला जागा मिळाली नसती. त्याला शिकविणारे त्याचे वडीलच होते. त्यांनीं ती गिरकी मोडली नाहीं. २००३ सालीं फ्युरिकनें अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि २०१६ सालीं अठरा खळग्यांचा डाव अवघ्या ५८ फटक्यांत पुरा केला. अमेरिकेच्या त्या व्यावसायिक स्पर्धामालिकेंत तोंवर हें कोणालाहि साधलें नव्हतें. मुलाच्या ठायीं काय सुधारावें हें जाणणारे शिक्षक पुष्कळ असतात. कशाला हात लावूं नये हें जाणणारा विरळा. फ्युरिकच्या वडिलांना तें उमगलें होतें.