मोजलं न गेलेलं सुवर्णपदक

आजचं बोलणं खेळांच्या इतिहासावर आहे. खेळांचा इतिहास म्हटलं की कोणत्या देशानं किती पदकं आणली एवढंच बहुधा सांगितलं जातं. आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. मोठ्या स्पर्धेत कोणता खेळ असावा नि कोणता नसावा, हे ठरतं कसं? आणि त्यात बायांची पाळी केव्हा येते? त्यासाठी दोन खेळांची गोष्ट सांगते. एक आपल्या कुरखेड्याकडं बघायलाही मिळत नाही असा, टेनपिन बोलिंग. दुसरा लहान लेकरालाही माहीत असलेला, कबड्डी.

आधी बोलिंग म्हणजे काय ते पाहू. लगोरीत आपण चेंडू मारून चपट्या दगडांची चळत पाडतो. इथंही पाडायचंच असतं, पण चेंडू फेकायचा नाही, जमिनीवरून घरंगळत सोडायचा. साठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. पट्टीच्या टोकाला बाटलीच्या आकाराच्या दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात. चेंडूला बोटं घालायला भोकं असतात आणि त्याचं वजन सात किलोच्या वरपर्यंत असू शकतं. एका डावात दहा पाळ्या, प्रत्येक पाळीत दोनदा चेंडू टाकता येतो. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर त्याला स्ट्राइक म्हणतात. सगळे चेंडू असे पडले तर तीनशे गुण होतात, त्याच्यावर गुण नाहीत. पूर्वी पडलेल्या पिना उभ्या करायला पोरं कामाला ठेवलेली असत. अमेरिकेत १९५० नंतर ते काम यंत्रांकडे गेलं आणि हा खेळ झपाट्यानं पसरला. पण यंत्र आलं, तशी बंद हॉलची, विजेची आणि पैशांची गरजही आली. म्हणून हा खेळ शहरांतच राहिला.

आता मोठ्या स्पर्धेकडे वळू. आशियातल्या देशांची दर चार वर्षांनी एक मोठी स्पर्धा होते. तिला आपण एशियाड म्हणतो. पहिली १९५१ साली दिल्लीत झाली. पळणं, पोहणं, कुस्ती असे काही खेळ तिथं हमखास असतात. बाकीच्या खेळांची यादी मात्र दर वेळी थोडी बदलते. ज्या देशात स्पर्धा भरते त्याचं म्हणणं त्यात चालतं, आणि आशियाई देशांच्या ऑलिम्पिक परिषदेचंही.

१९७८ साली थायलंडमधल्या बँकॉकच्या एशियाडमध्ये बोलिंग पहिल्यांदा आलं. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की पहिल्याच वर्षापासून पुरुषांबरोबर बायांचीही स्पर्धा होती. फिलिपिन्स देशाची बाँग कू हिनं तिथं सुवर्णपदक मिळवलं. चार वर्षांनी, १९८२ साली, एशियाड पुन्हा दिल्लीत आलं. हे साल लक्षात ठेवायला आपल्याला सोपं आहे, कारण त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळा होऊन आपला गडचिरोली जिल्हा झाला. दिल्लीच्या यादीत बोलिंग नव्हतं. तिथं कबड्डी होती, पण फक्त दाखवण्यापुरती, पदकाविना. १९८६ साली दक्षिण कोरियातल्या सोलला बोलिंग परत आलं आणि बाँग कूनं पुन्हा सुवर्ण घेतलं. १९९० साली चीनच्या बीजिंगमध्ये बोलिंग पुन्हा गायब, आणि कबड्डी पदकाच्या यादीत! यजमान बदलला की पंगतीतलं पान कोणापुढं वाढायचं तेही बदलतं, हे यावरून कळेल.

मधल्या काळात, १९८८ साली, सोललाच ऑलिम्पिक झालं. ऑलिम्पिक म्हणजे साऱ्या जगाची स्पर्धा. तिथं बोलिंग दाखवण्यापुरतं घेतलं. बारा पुरुष आणि बारा बाया खेळल्या. बायांमध्ये फिलिपिन्सची एरियान सेर्देन्या जिंकली. तिच्या देशाला तोवर ऑलिम्पिकमध्ये एकही सुवर्ण मिळालेलं नव्हतं. तिला पदक मिळालं, पण दाखवण्यापुरत्या खेळाचं पदक देशांच्या पदकांच्या यादीत धरत नाहीत. त्यामुळे कागदावर तिच्या देशाचा सुवर्णाचा रकाना कोराच राहिला. तो भरायला २०२१ साल उजाडलं. टोकियोत हिडिलिन डियाझ या वजन उचलणाऱ्या बाईनं तो भरला. म्हणजे मोजलं न गेलेलं सुवर्ण एका बाईनं आणलं, तेहतीस वर्षांनी मोजलं गेलेलंही बाईनंच आणलं. मैत्रिणींनो, केलेलं काम आणि मोजलेलं काम यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. धानाची रोवणी कोण करतं आणि सातबारावर नाव कोणाचं असतं, हे आपण रोजच बघतो.

आता कबड्डी. १९३६ साली जर्मनीत बर्लिनला ऑलिम्पिक झालं, तेव्हा आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले. तिथून बीजिंगच्या पदकापर्यंत चौपन्न वर्षं गेली. हे आपोआप झालं नाही. गावोगावचे नियम वेगवेगळे होते, कुठं हुतूतू, कुठं दुसरं नाव. ते नियम एक करावे लागले, संघटना उभी करावी लागली, शेजारच्या देशांत जाऊन खेळ शिकवावा लागला. या कामात आपल्या महाराष्ट्राच्या बुवा साळवी यांचं नाव मोठं आहे. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

पण १९९० साली जी कबड्डी एशियाडमध्ये शिरली ती फक्त पुरुषांची. बाया खेळत नव्हत्या म्हणून का? नाही. आपल्या देशात बायांच्या राष्ट्रीय स्पर्धा त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून होत होत्या. तरी बायांची कबड्डी एशियाडमध्ये यायला २०१० साल लागलं. वीस वर्षं! एक मुलगी जन्मून, वाढून, खेळायच्या वयाला येईल एवढा हा काळ. त्या वीस वर्षांत ज्या चांगल्या खेळाडू होऊन गेल्या, त्यांच्या नशिबी एशियाड आलंच नाही. बोलिंगमध्ये बायांना पहिल्या दिवशी जागा मिळाली, आणि मातीतून आलेल्या आपल्या खेळात वीस वर्षं थांबावं लागलं, ही गोष्ट विचार करायला लावते.

२०१० साली चीनमधल्या ग्वांगझूला भारताच्या बायांनी अंतिम सामन्यात थायलंडला २८-१४ असं हरवलं. २०१४ साली कोरियातल्या इंचॉनला इराणला ३१-२१ असं हरवलं. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्या संघात होती, पुढच्या वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१८ साली जकार्ताला मात्र इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी संघाला शिकवणारी बाई कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात जाऊन त्यांनी फारसी भाषा शिकून घेतली, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला आणि सुवर्ण मिळवून दिलं. भारत हरला म्हणून वाईट वाटतंच. पण एका मराठी बाईच्या शिकवण्यावर दुसऱ्या देशाच्या मुली आशियात पहिल्या आल्या, हाही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. पुढचं एशियाड करोनामुळे लांबून २०२३ साली चीनमध्ये हांगझूला झालं. तिथं भारताच्या बायांनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवलं. त्या एशियाडमधलं ते भारताचं शंभरावं पदक ठरलं.

आणि बोलिंग? २०१८ साली इंडोनेशियातल्या पालेम्बांग शहरात ते खेळलं गेलं. हांगझूच्या यादीत ते नव्हतं. टोकियो ऑलिम्पिकसाठी शेवटच्या आठ खेळांत त्याचं नाव पोचलं होतं, पण निवड झाली ती पाच खेळांची, आणि त्यांत ते नव्हतं. १९९८ साली राष्ट्रकुल स्पर्धेतही ते एकदाच, क्वालालंपूरला, आलं होतं. जागा एकदा मिळाली म्हणजे कायमची झाली असं नसतं. ती मागावी लागते, आणि मिळाल्यावर राखावी लागते.

हे सगळं ठरतं बैठकांमध्ये. तिथं कोण बसलं आहे आणि कोण बोलतं आहे यावर यादी ठरते. मोठ्या स्पर्धेचं जे, तेच गावच्या स्पर्धेचं. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आपल्याकडे कबड्डीचे सामने लागतात. त्या पत्रकात मुलींचा गट असतो का? बक्षिसाची रक्कम मुलांएवढीच असते का? मुलींचा सामना लोक जेवायला गेलेले असताना भरदुपारी उरकून घेतात का? संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर मुलींना एक तास मिळतो का? हे प्रश्न विचारायला दिल्लीला जावं लागत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिच्यात हा विषय मांडता येतो. मांडला की तो वहीत लिहून घ्यायला लावा. बोललेलं विसरलं जातं, लिहिलेलं पुढच्या सभेत पुन्हा काढता येतं.

आणखी एक काम गटाच्या बैठकीत करता येईल. आपल्या गावात पूर्वी कबड्डी, खो-खो, लंगडी खेळलेल्या किती बाया आहेत ते एकमेकींना विचारा. लग्नाआधी कोण शाळेच्या संघात होती, कोण तालुक्याला जिंकून आली, त्यांची नावं आणि सालं लिहून काढा. त्यांची पदकं कोणी मोजली नाहीत. ती मोजायला आपण सुरुवात करू.