भोपळा, ट्यूब आणि पोंटून : परभणीच्या पाण्यावरील एकट्याची मासेमारी

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते आणि उत्तरेकडून येणारी पूर्णा, वाटेत दुधनेला सामावून घेत, कंठेश्वराजवळ तिला मिळते. तरीही या जिल्ह्याला मासेमारी नौकांची म्हणावी अशी परंपरा नाही. काळ्या पाषाणाच्या पठारावरून येणाऱ्या या नद्या पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात, त्यामुळे बारमाही नौका बाळगणे मासेमाराला परवडणारे नव्हते. नाव होती ती उतारावर, म्हणजे वाटसरूंना पैलतीरी नेण्याच्या जागी, आणि ती नावाड्याची. मासे धरणाऱ्याचे साधन निराळ्या कुळातले होते : ते नौकेपासून नव्हे, तर पोहण्याच्या आधारापासून घडले. हवा भरलेल्या दोन लांबट नळ्यांमध्ये बैठक अडकवलेली, एका माणसापुरती जी नौका आज हौशी मासेमार पोंटून बोट म्हणून विकत घेतात, तिचे नाते याच कुळाशी आहे.

या कुळाचे वय मोठे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सैन्याला नदी उतरवण्याच्या साधनांमध्ये भोपळा आणि हवा भरलेली कातडी पिशवी यांची गणना आहे. त्याच ग्रंथात पुराच्या प्रसंगी वाहून जाणाऱ्याला अशाच साधनांनी वाचवावे असे सांगितले असून, जो मदतीला धावत नाही त्याला बारा पणांचा दंड ठरवला आहे. ज्याच्याजवळ तरण्याचे साधनच नाही, त्याला मात्र सूट आहे. ही सूट बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण नदीकाठच्या घरात असे साधन असणे ही शास्त्रकाराला नित्याची बाब वाटत होती, एवढे तिच्यावरून समजते. हौसेची मासेमारीही नवी नाही : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्याचा स्वतंत्र भाग असून, त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य आणि दोरी-गळाची सिद्धता यांचे वर्णन येते. राजाची ती करमणूक होती. डोहावर पोट असणाऱ्यांविषयी ग्रंथ अर्थातच फारसे बोलत नाही.

ते पोट प्रामुख्याने भोई समाजाचे होते. निजामाच्या राज्यातील जाती-जमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पालखी वाहणे आणि मासे धरणे असे भोयांचे दोन व्यवसाय दिसतात. पैकी पहिला रेल्वेने आणि सडकांनी मोडीत काढला, दुसरा टिकला. दख्खनच्या नद्यांवर मासेमार जी सांगड वापरीत, ती म्हणजे वाळवलेल्या कडू भोपळ्यांची दोरीने बांधलेली जुडी. भोपळा पक्का पिकवून, न फोडता वाळवला की त्याची साल कठीण होते आणि आतली हवा बाहेर पडत नाही. सांगडीवर छाती टेकून किंवा स्वार होऊन माणूस पायांनी पाणी मारीत पुढे सरके आणि दोन्ही हात जाळ्यासाठी मोकळे राहत. हीच या साधनाची खरी किंमत, कारण वल्हे धरणाऱ्याला जाळे ओढण्यासाठी दुसरा माणूस लागतो. गावोगावी मुलांना पोहायला शिकवताना पाठीला बांधला जाई तोही हाच भोपळा. नवशिक्याचे आणि तरबेजाचे साधन एकच असल्यामुळे मासेमारीची उमेदवारी निराळी करावी लागत नसे.

मराठवाडा १९४८ साली निजामाच्या सत्तेतून मुक्त झाल्यानंतर दोन दशकांनी पाण्याचे रूपच पालटले. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ मध्ये पुरे झाले आणि सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर क्षमतेचा जलाशय उभा राहिला. पुढे गोदावरीवरही ढालेगाव, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे झाले. येलदरीच्या थोडे आधी, १९५७ साली, हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून दाखवले होते, त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज जलाशयांत सोडणे शक्य झाले. डोहातल्या मरळ-वामीच्या जोडीला हे मासे आले, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे जाऊ लागला, आणि गुडघाभर पाण्यात जाळे फेकणाऱ्याला खोल, वाऱ्याने लाटा उठणाऱ्या पाण्यात तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची, जाळी लावण्यासाठी जावे लागले. नौका महाग होती. ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब, आणि पुढे थर्माकोलचा तराफा, हे भोपळ्याचे वारसदार ठरले.

या वारशात एक गोष्ट मात्र हरवली. सांगडीतला एखादा भोपळा तडकला तरी बाकीचे माणसाला तोलून धरीत, कारण हवा अनेक बंद कप्प्यांत वाटलेली असे. ट्यूबमध्ये ती एकाच पोकळीत असते, आणि काठावर व बुडीत जमिनीत बाभळीचे काटेखुंट असलेल्या जलाशयात ट्यूब फुटण्याचा धोका लहान नाही. थर्माकोल फाटला तरी बुडत नाही, पण त्याचे तुकडे पाण्यात सुटतात. पोंटून बोटीच्या दोन स्वतंत्र नळ्या कप्प्यांची ती जुनी सोय परत आणतात, शिवाय पायांत पोहण्याचे पंख घालून सरकण्याची आणि हात मोकळे ठेवण्याची रीतही तीच आहे. फरक असा की सांगडीवर बसणारा आधी पोहणारा असे, आणि पोंटूनवर बसणारा हौशी नवशिका पोहता येत नसतानाही खोल पाण्यात जाऊ शकतो, म्हणून त्याच्या अंगावर जीवनरक्षक जाकीट असणे भाग पडते.