ज्वारीच्या रानापासून सोसायटीपर्यंत

स्मरणिका समितीने माझ्याकडे सोसायटीचा इतिहास लिहायचे काम दिले. आजवरचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांची यादी आणि कामांचा आढावा याच अंकात आहे, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मला थोडे मागचे सांगायचे आहे. आपण राहतो ती जमीन सोलापूर शहरात कशी आली, तिच्यावर घरे कशी झाली, आणि त्या सगळ्या प्रवासातला एक कागद अजून अपुरा का आहे, एवढेच. आपल्या मुला-नातवंडांना हे माहीत असावे, कारण पुढची पंचवीस वर्षे सोसायटी त्यांनाच चालवायची आहे.

सोलापूरची सगळ्यात जुनी हद्द आपल्याला पाठ आहे, फक्त आपण तिला हद्द म्हणत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली, आणि आजही संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. त्यानंतरची हद्द वेशींची. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावे रोज तोंडात असतात, पण तिथे कधीकाळी गाव संपायचे हे आज कुणाच्या ध्यानातही येत नाही.

नगरपालिका आली १८५२ साली, रेल्वे १८६० साली, आणि पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ साली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा मिली उभ्या राहिल्या. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर कामगार राहू लागला आणि चाळी वाढल्या. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरातच माग टाकले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. राहायची जागा वेगळी आणि कामाची वेगळी, ही कल्पनाच त्या सोलापुरात नव्हती. पोट भरत होते, म्हणून कुणाला त्यात वावगेही वाटले नाही. पण या सवयीची किंमत किती मोठी असू शकते ते २०२५ च्या मे महिन्यात दिसले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. कारखान्याच्या आवारातच राहणारे मालकाचे कुटुंबही त्यात होते. नकाशावर रहिवासी भाग वेगळा आणि कारखान्याचा वेगळा का दाखवतात, याचे उत्तर अशा वेळी कळते.

हा रंगीत नकाशा आला कुठून? १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी नोंदली गेली. सहकारी गृहनिर्माण संस्थांची आपल्याकडची सुरुवात तिच्यापासून धरतात. म्हणजे सरकारने शहराचा नकाशा आखायला घेतला आणि सामान्य माणसांनी एकत्र येऊन घर बांधायला घेतले, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या. आपली सोसायटी या दोन्हींची नातवंड म्हणायला हरकत नाही.

१ मे १९६४ रोजी सोलापूरची महानगरपालिका झाली. दोन वर्षांनी, १९६६ साली, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. विकास आराखडा, आरक्षणे, हरकती-सूचना हे शब्द आपल्या कानावर पडतात ते या कायद्यामुळे. पिवळा रंग म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. बाजारात 'यलो झोन' आणि 'ग्रीन झोन' या दोन शब्दांवर जमिनीचा भाव ठरतो, तो असा.

त्यात १९७६ साली नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. सोलापूरलाही तो लागू होता. हेतू चांगला होता, जास्तीची जमीन काढून गरिबांची घरे व्हावीत. पण मोठ्या जमिनी वर्षानुवर्षे कागदात अडकून पडल्या आणि शहरात रीतसर प्लॉट मिळणे मुश्कील झाले. माणसाला तर घर हवेच होते. मग गावकुसाबाहेरच्या शेतात गुंठ्या-गुंठ्याने खरेदी सुरू झाली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. लेआउट नाही, एनए नाही, रस्ता कुणाच्या बांधावरून. घर झाले, पण कागदावर ते शेतच राहिले. २००१ साली गुंठेवारी कायदा आला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी घरे नियमित करून घ्यायची सोय झाली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. म्हणजे सरकारनेही एका अर्थी मान्य केले, की माणसे आधी आली आणि नियम मागून आला.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. ५ मे १९९२ रोजी सोलापूरची हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावे शहरात आली. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एका रात्रीत सुमारे १७८ चौरस किलोमीटरचे झाले, म्हणजे पाचपटीहून मोठे! आपण ज्या भागात राहतो त्याला तीस वर्षे उलटून गेली तरी 'हद्दवाढ भाग'च म्हणतात, ते यामुळे. जिथे आज आपला मुख्य रस्ता आहे तिथे त्या काळी शाळू उभा असायचा.

जनगणनेचे आकडे बघा. १९९१ साली शहराची लोकसंख्या ६ लाख ४ हजार होती. २००१ साली ती ८ लाख ७२ हजार झाली, पण त्यात हद्दवाढीने आत आलेली गावेही मोजलेली आहेत. २०११ साली ९ लाख ५१ हजार. म्हणजे २००१ नंतरच्या दहा वर्षांत जेमतेम ७९ हजार माणसे वाढली. हद्दवाढीआधी एका चौरस किलोमीटरला सुमारे १८ हजार लोक राहायचे, २०११ साली सरासरी पाच हजारांच्या थोडी वर. मिली बंद पडल्या, तरुण पोरे पुण्याला गेली, आणि शहर पसरले मात्र चारी दिशांना. तेवढीच माणसे पाचपट जागेत पसरली की पाण्याची पाइप, ड्रेनेज, रस्ता, दिव्याचा खांब हे सगळे लांबते, आणि प्रत्येक किलोमीटरमागे कर भरणारी घरे मात्र कमी. उजनी धरणापासून शंभरहून अधिक किलोमीटरवरून येणारे पाणी आपल्या नळाला चार-पाच दिवसांआड का येते, याचे एक कारण या हिशेबात आहे. सगळा दोष दुष्काळाला देऊन चालणार नाही.

अशा भागात २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली. 'कुठं रानात जागा घेतलाव ओ?' असं तेव्हा नातेवाइकांनी प्रत्येकाला विचारलेलं आहे. संध्याकाळी रिक्षावाला यायला तयार नसायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतायची, म्हणून मुलं शाळेचे बूट पिशवीत घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी जायची. बोअर मारलं, टँकर वाटून घेतला, वर्गणी काढून मुरूम टाकला. हे सगळं एकेकट्याला जमलं नसतं. आपण गुंठ्याने जागा घेतली नाही, मंजूर लेआउटमध्ये सोसायटी म्हणून घेतली, यात आपल्या संस्थापक सभासदांची दूरदृष्टी होती. त्यामुळे नियमित करून घेण्यासाठी आपल्याला कधी हेलपाटे घालावे लागले नाहीत.

सहकाराची ही ताकद सोलापूरने फार मोठ्या प्रमाणावर दाखवली आहे. कुंभारीला महिला विडी कामगारांच्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर सहकारी संस्थेची दहा हजार घरे झाली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी सोलापूरला आले होते. त्याच बाजूला रे नगरची तीस हजार घरांची योजना उभी राहिली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी दोन्हींसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. राजकारण कुणाचे काहीही असो. विड्या वळणाऱ्या बाईच्या नावावर घर झाले, हे सोलापुरात झाले. पण ती घरे महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, एवढी जागा शहरात मिळणार कुठून? म्हणजे शहराची पुढची कड कुठे असेल, हे नकाशाच्या आधी पुन्हा माणसांनीच ठरवले.

आणि नकाशावरची रेघ कायमची असते असेही नाही. विकास आराखड्यात खाजगी जमिनीवर बागेचे किंवा शाळेचे आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही २४ महिन्यांत काही झाले नाही, तर आरक्षण उठते. उलट कधी नवी मर्यादाही येते. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. आता त्या परिसरात किती उंच बांधायचे हे आकाशाकडे बघूनही ठरते. आज जे समोर दिसते ते उद्या तसेच राहील, हे गृहीत धरता येत नाही. जे कागदावर आपल्या नावाने आहे तेवढेच आपले.

म्हणून आता त्या अपुऱ्या कागदाबद्दल. लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती रहिवाशांच्या सामायिक वापराची असते. प्लॉट पाडून ती विकता येत नाही, आणि मोजके अपवाद सोडले तर तिच्यावर बांधताही येत नाही. आपली ओपन स्पेस म्हणजे जिथे गणपती बसतो, नवरात्रात दांडिया होतो, संध्याकाळी काकू मंडळी बसतात आणि पोरे क्रिकेट खेळून खिडक्या फोडतात, ती. त्या जागेच्या उताऱ्यावर आजही सोसायटीचे नाव नाही, मूळ जमीनमालकाचे आहे. गेल्या वर्षी तिथे दोनदा अनोळखी माणसे टेप घेऊन मोजून गेली. विचारले तर 'साहेबांनी सांगितलंय' एवढेच उत्तर.

ही जागा सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. खर्च आहे, वर्गणी लागेल. काही सभासदांचे म्हणणे असे, की पंचवीस वर्षे काही बिघडले नाही, आता कशाला घाई? त्यांना मी एवढेच म्हणेन, की पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या चारी बाजूंना रान होते, मोकळ्या जागेला कुणी विचारत नव्हते. आज आपल्या सोसायटीत उरलेली एकमेव मोकळी जागा ती आहे. गरज तेव्हापेक्षा आता जास्त आहे, आणि भावही.

सभेला येताना प्रत्येकाने आपल्या घराचा उतारा, सनद, मंजूर लेआउटची प्रत एकदा काढून बघावी. मुलांनाही दाखवावी. ओपन स्पेस नकाशात कुठे आहे, त्यावर बोट ठेवून दाखवावी. ठराव मंजूर झाला तर अर्जासोबत लेआउटची मूळ प्रत लागेल. ती सेक्रेटरींच्या कपाटात हिरव्या फायलीत आहे.