कॅमल्स बॅक रोडवरचे एक थडगे

मसुरीच्या कॅमल्स बॅक रोडवर इंग्रजी अमदानीतील जुनी दफनभूमी आहे. तेथील एका थडग्याखाली झाशीच्या राणीचा वकील निजला आहे.

जॉन लँग १८१६ साली ऑस्ट्रेलियात जन्मला. हिंदुस्थानात त्याने वकिली केली, कादंबऱ्या लिहिल्या, 'मुफस्सिलाइट' हे वृत्तपत्र काढले. पुरवठादार लाला जोतीप्रसाद यांच्या खटल्यात तो कंपनी सरकारविरुद्ध उभा राहिला आणि जिंकला. १८५४ साली झाशी खालसा झाल्यावर राणीने त्याला बोलावले ते सोनेरी कागदावर फारसीत पत्र लिहून. भेट पडद्याआडून झाली. पण लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला आणि लँगला राणी क्षणभर दिसली. निषेध नोंदवून तनखा घ्यावा आणि अर्ज करावा, हा त्याचा सल्ला. वकिलाचाच तो! राणीने तनखा नाकारला. अर्जही फेटाळले गेले.

झाशी न देण्याचा राणीचा जो उद्गार आपण शाळेपासून ऐकतो, तो लँगने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला आहे. ग्रंथ १८५९ चा, म्हणजे राणीच्या हौतात्म्यानंतर वर्षभरातला. उद्गार मराठी मनात रुजला; तो टिपून ठेवणारा मात्र विस्मरणात गेला. प्रतिपक्षातला म्हणून असेल कदाचित.

२० ऑगस्ट १८६४ रोजी लँग मसुरीतच वारला. ते थडगे शोधून काढले रस्किन बाँड यांनी, १९६४ साली. तोवर शंभर वर्षे उलटली होती.