अनोळखी बिल्ल्यांची ओळख



इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा, ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आम्ही ज्या साधनाविषयी बोलणार आहोत ते फार लहान आहे आणि पुष्कळदा ते घरातल्या ट्रंकेच्या तळाशीच पडलेले असते. लष्करात अगर पोलिसात नोकरी केलेल्या माणसाच्या टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची पितळी अक्षरे, बाहीवरचा कापडी तुकडा, हेच ते साधन होय. आमची विद्या पाठशाळेतली नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. त्या कामातच एका बिल्ल्याने आम्हांस धडा शिकवला, तो प्रथम सांगतो.

आमच्या संघटनेतील एक मालमोटार चालक एके दिवशी आजोबांची पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत काळ्या कापडावरचा तांबडा गरुड होता. “आजोबा मराठा पलटणीत होते असे घरात सांगतात, हे तिचेच चिन्ह ना?” असे त्यांनी विचारले. हा गरुड दुसऱ्या महायुद्धातील चौथ्या हिंदी डिव्हिजनचा, सिदी बरानी, केरन आणि कॅसिनो येथे लढलेल्या सैन्याचा, एवढे आम्ही वाचलेले होते. त्या भरात आम्ही सांगून टाकले, “होय, मराठा पलटणच.” पुढे पेटीच्या अस्तराखाली फौजेतून सुटल्याचा दाखला निघाला. आजोबा पलटणीत नव्हते. ते रसद वाहणाऱ्या दलात लॉरी चालवीत होते. नातवाचा चेहरा उतरला. चूक सर्वस्वी आमची होती.

चुकलो कोठे? बाहीवरचे चिन्ह डिव्हिजनचे असते, पलटणीचे नव्हे. डिव्हिजनमधला शिपाई, गोलंदाज, तारायंत्रवाला आणि लॉरीवाला सारेच ते लावीत. उलट एकच पलटण डिव्हिजन बदलली की चिन्ह बदली. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९४१ साली केरनला लढली तेव्हा ती पाचव्या डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचे चिन्ह काळ्यावर तांबडा गोळा. पुढे इटलीत तीच बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये गेली. तेथे १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पलटण तीच, बाहीवरची खूण मात्र निराळी.

अशा खुणांचा उगमही मोठा मजेदार आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली जनरल फिलिप कर्नी यांनी काही अधिकाऱ्यांना आपले समजून खडसावले. ते निघाले परक्या तुकडीचे! तेव्हा आपल्या लोकांनी टोपीवर तांबडे कापड लावावे असा हुकूम त्यांनी सोडला. पुढच्याच वर्षी त्या सैन्यातील प्रत्येक मोठ्या दलाला आपापल्या आकाराचे चिन्ह मिळाले. म्हणजे पुढे जे मानाचे चिन्ह झाले, ते आरंभी रागवायचे कोणावर हे कळावे म्हणून निघाले. मुकादमाचा अनुभव असलेल्या आम्हां कामगारांना याचे नवल वाटत नाही!

आता काळ कसा ओळखावा? आपल्या देशातील बिल्ल्यावर प्रथम मुकुट पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या वेळच्या मुकुटाच्या कमानी बहुधा मध्ये दबलेल्या दिसतात. १९०१ नंतर राजे आले तसा कमानींचा आकार गोल झाला. १९५० साली प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. महार रेजिमेंटचेच पाहा. १९४१ साली ती उभी राहिली तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा परस्परांवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन त्यावर आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. नाव एक, बिल्ले तीन. पण ज्यांना हा क्रम ठाऊक आहे त्यांना बिल्ला स्वतःच आपले वय सांगतो.

दूर कशाला, आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला. समजा, एक तरुण १९३८ साली मेहकरला पोलिसात भरती झाला. तेव्हा त्याचा प्रांत मध्यप्रांत व वऱ्हाड. १९५० साली मध्यप्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. गाव तेच, रस्ता तोच, गस्तही तीच. परंतु पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याची राज्ये चार झाली! आणि शेजारी मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. पुढे १९५६ पर्यंत राज्याचे नाव हैदराबादच राहिले. तेव्हा या भागातल्या घरात मध्यप्रदेशाचे नाव असलेला पोलिसी बिल्ला सापडला, तर “आजोबा परमुलखात होते” असे एकदम समजू नये. ते कदाचित आपल्याच ठाण्यावर असतील. मुलूख त्यांच्या पायाखालून सरकला असेल.

म्हणून श्रोत्यांना तीन विनंत्या आहेत. जुने पितळ चिंचेने घासू नका. घासण्याने बारीक अक्षरे झिजतात. कापडी चिन्हाची शिवण उसवू नका. ते हाताने भरलेले की यंत्राने, हे उलट बाजूच सांगते. आणि वस्तू कोणाची, कोणी दिली, घरात काय सांगतात, हे कागदावर लिहून तो तिच्याबरोबर ठेवा. बिल्ला दलाचे नाव सांगेल; माणसाचे नाव सांगणारे घरात कोणी आहे तोवरच ते लिहून घेतले पाहिजे.

त्या चालकाला आम्ही पुन्हा भेटलो व आमची चूक कबूल केली. आफ्रिकेच्या वाळवंटात पाणी, पेट्रोल आणि दारूगोळा लॉरीनेच पुढे जाई. लॉरी थांबली की पलटणही थांबे, हे त्यांना सांगितले. ते स्वतः लॉरीवाले. त्यांना आणखी समजावण्याची गरज पडली नाही. आता तो गरुड त्यांच्या घरी चौकटीत आहे. खाली आजोबांचे नाव आहे आणि नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे : ड्रायव्हर.